पेपर संपेपर्यंत परके

सोनीला कावीळ झाल्याचा निरोप आला तो नेमका गोदूच्या सुपारीच्या आदल्या दिवशी. निरोप घेऊन सोनीचा बाप देऊ स्वतः आला होता, बारवीच्या अंगाच्या डोंगरावरून पायी उतरून. ओट्यावर टेकला, डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि म्हणाला की पोरगी हळदीवानी पिवळी झालीय, महिनाभर काय उठायची नाही. विठानं त्याला गूळ-पाणी दिलं, सोनीसाठी उसाची चार कांडकी बांधून दिली आणि परीक्षेची काळजी करू नको म्हणावं, असं सांगून त्याला वाटेला लावलं. काळजी मात्र सगळीच्या सगळी तिच्या पदरात राहिली.

कारण सोनी उमासाठी पेपर लिहिणार होती.

उमा म्हणजे विठाच्या धाकट्या दिराची, महिपतीची मुलगी. आई वारली तेव्हा ती रांगत होती. विठानं तिला आपल्या गोदूबरोबर एका ताटात जेवू घालून वाढवली, आणि बेलवलीत नव्यानं राहायला आलेल्या माणसांना कितीतरी दिवस त्या जुळ्याच वाटायच्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी उमाच्या बोटांना सूज यायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं थंडीनं असेल. मग बोटं आतल्या बाजूला वळत गेली, विस्तवाजवळ ठेवलेली पानं वळतात तशी. डॉक्टर संधिवात म्हणाले. एवढ्या कोवळ्या वयात संधिवात कसा होईल, म्हणून सासूबाई कौसाबाईंनी नजर काढली, तेल लावलं, कडू काढे पाजले. दुखणं आपल्या चालीनं चालत राहिलं आणि उमाही आपल्या चालीनं उल्हासनगरच्या कॉलेजात इतिहास शिकत राहिली.

पण पेपरला वेळ पुरेना. दुसऱ्या वर्षी सगळं येत असून निम्मा पेपर कोरा राहिला होता. पेनाला चिंधी गुंडाळून, दोन्ही हातांत धरून ती लिहायची. जेमतेम पास झाली. तो निकाल बघून तिच्या वासवानी मॅडमनी तिला बोलावून घेतलं. या मॅडम सिंधी, उल्हासनगरातच वाढलेल्या, मराठी बोलायच्या ते निम्मं हिंदीत. त्यांनी सांगितलं की अशा मुलांना युनिव्हर्सिटी लेखनिक देते. आपण सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. वर अर्धा तास जादा. उमा म्हणाली की मेहेरबानी नको. तेव्हा मॅडम रागावल्या. मेहेरबानी नाही बेटा, नियम आहे, आणि नियम कुणीतरी वापरला तरच जिवंत राहतो, असं म्हणाल्या. सरकारी दवाखान्यातल्या दाखल्यासाठी महिपतीबरोबर त्याच हेलपाटे घालून आल्या.

लेखनिकाच्या अटी होत्या. शिक्षणात खालच्या वर्गातला हवा, तो विषय त्याचा नसावा आणि तो नात्यातला नसावा. अकरावीतली सोनी तिन्हीत बसत होती. आता तिच्या जागी दुसरं नाव सोमवारी दुपारपर्यंत कॉलेजात द्यायचं होतं. परीक्षा पंधरवड्यावर आलेली. नाव गेलं नाही तर उमाला पुन्हा चिंधीचं पेन.

आणि मध्ये रविवार. सुपारीचा.

ब्याण्णव सालचा तो रविवार विठाला पुढं कितीतरी वर्षं बारीकसारीक तपशिलासकट आठवायचा. विठ्ठलवाडीहून पाहुणे सकाळच्या गाडीनं आले. नवरा मुलगा सुदाम एसटीत कंडक्टर, महिपतीच्याच डेपोतला. महिपती तिथं मेकॅनिक, स्थळ त्यानंच आणलेलं. सुदामचे वडील नव्हते. आई काशीबाई, मामा रामभाऊ आणि धाकटी बहीण येसू, एवढी मंडळी. काशीबाईंचं तोंड तिखट म्हणून डेपोभर बोलबाला होता.

बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. मधोमध ताटात हळदकुंकू, विड्याची पानं, नारळ, सुपारी आणि शेजारी अडकित्ता. गल्लीतले चार जाणते बोलावले होते. विठाच्या घराण्याची मुळं देशावरची, तिकडली रीत त्यांनी बदलापुरातही सोडली नव्हती. चार माणसांत सुपारी फोडायची, प्रत्येकाला खांड द्यायचं, आणि ज्यानं खांड तोंडात टाकलं तो साक्षीदार. तिथून पुढं सोयरीक झाली. लग्न नंतरचं, ते नुसतं साजरं करायचं.

हिंदुरावांनी, विठाच्या मालकांनी, पहाटेच फर्मान काढलं होतं. उमानं मागच्या खोलीत बसायचं, दार लावून. तब्येत बरी नाही म्हणायचं. तिचे हात कुणाच्या नजरेला पडायला नकोत. घराण्यात दुखणं आहे म्हणून बोभाटा झाला की गोदूचंही जमायचं नाही. ते दुष्ट नव्हते. आनंदनगरच्या कारखान्यात रात्रपाळ्या करून त्यांनी भावाच्या पोरीची फी आपल्या पोरीच्या आधी भरली होती. पण चारचौघांची भीती त्यांच्या हाडात मुरलेली होती. महिपतीनं मान हलवली. मोठ्या भावापुढं त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. विठानंही मान हलवली आणि दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं. उमानं आतून एवढंच विचारलं की गोदूला कुठली साडी नेसवली.

पोहे झाले, चहा झाला. येसू हात धुवायला म्हणून मागं गेली ती परत येईना. विठा बघायला उठली तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. येसू मांडी घालून, गुडघ्यावर पाटी ठेवल्यासारखी वही ठेवून भराभरा लिहीत होती, आणि उमा भिंतीला टेकून डोळे मिटून सांगत होती. एक वाक्य सांगून थांबायची. येसू मान वर करायची. मग पुढचं. लपवलेलं उघडं पडलं होतं, तरी विठाच्या मनात आलं की हे किती बरं चाललंय. सोनीबरोबरसुद्धा इतकं जमलं नव्हतं.

तिनं काही बोलायच्या आतच येसू उठली आणि तरातरा बाहेर गेली. अकरावी कॉमर्सची परीक्षा नुकतीच संपलेली, अंगात वारं भरलेलं. भर बैठकीत आईला म्हणाली, "आई, आतली ताई काय भारी इतिहास सांगते. तिला लिहिता येत नाही, बोटं वाकडी आहेत. तिचा पेपर मी लिहून देणार आहे. उद्याच नाव द्यायचंय."

पोह्यांच्या बशा गोळा करणारी गोदू जागच्या जागी थांबली. हिंदुरावांनी घसा खाकरला आणि पुतणी आहे, जरा तब्येत बरी नव्हती, असं काहीतरी पुटपुटले.

"तब्येत बरी नसली की दार लावून घेता काय, पाव्हणं?" काशीबाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता आत आल्या.

विठा त्यांच्या मागोमाग आली. उमानं हात ओढणीखाली घेतले होते. काशीबाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या आणि हात दाखव म्हणाल्या. उमानं विठाकडं बघितलं. मग हात पुढं केले. काशीबाईंनी ते आपल्या हातात घेतले, भाजी निवडताना शेंग दाबून बघावी तसं एकेक बोट हलकेच दाबून बघितलं.

"कधी जास्त दुखतं?"

"सकाळी."

"मग पेपर दुपारचा मागायचास की."

उमाला हसू फुटलं. काशीबाई हसल्या नाहीत. त्या विठाकडं वळल्या. "लपवलंत का?"

"गोदूच्या आड येईल म्हणून."

"आणि मी सरळ विचारलं असतं, तर?"

विठाला खोटं सुचलं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण त्या बाईच्या हातात अजून उमाचे हात होते. "तर खोटं बोलले असते," विठा म्हणाली.

काशीबाईंनी उमाचे हात अलगद तिच्या मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "हे एक खरं बोललात, ते मला पुरे आहे. येसू लिहील."

इथंच सगळं सुखात संपायचं. पण उमा खरेपणानं वाढलेली पोर. तिनं खालच्या आवाजात सांगितलं की नात्यातली मुलगी लेखनिक म्हणून चालत नाही, तसं प्राचार्यांपुढं लिहून द्यावं लागतं. आणि आज सुपारी फुटली की येसू नात्यातली झाली.

विठाला वाटलं, एवढं कशाला बोललीस, बाळ. मग तिलाच त्या विचाराची लाज वाटली.

काशीबाई बाहेर आल्या आणि उभ्यानंच सांगितलं की येसू उमाचे पेपर लिहील, म्हणून सुपारी आज नाही, शेवटचा पेपर झाला की. बैठकीत माश्या घोंगावतात तसा आवाज उठला. गल्लीतल्या जाणत्यांनी एकमेकांकडं बघितलं. पाव्हणे आले आणि सुपारी न फोडताच गेले, याचा गल्लीत एकच अर्थ होतो, आणि तो मुलीच्या बापाला पुढं वर्षभर ऐकावा लागतो.

कौसाबाई भिंतीच्या कडेला बसून होत्या. त्या म्हणाल्या, "मांडलेली सुपारी उचलत न्हाईत. माज्या हयातीत असं इपरीत बगितलं न्हाई."

आणि तेव्हा महिपती बोलला. त्याच्या तोंडून शब्द येतोय हेच विठाला आधी उमगलं नाही. तो हिंदुरावांना म्हणाला, "दादा, तू सुपारी फोड. गोदूचं आधी. उमा पुढच्या वर्षी बसंल."

विठानं मागं वळून बघितलं. दाराच्या फटीत उमा होती, आणि ती मान हलवून हो म्हणत होती. त्या पोरीला हरायचं कसं हे फार लवकर शिकवलं होतं सगळ्यांनी मिळून. विठा तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. गोदू बशा विसळत होती. विठानं तिला तुझं काय म्हणणं, असं विचारलं. अशा बैठकीत मुलीला कुणी विचारत नसे. विठाला स्वतःला कुणी विचारलं नव्हतं.

गोदूनं बशी पालथी घातली. "आई, ती आत कुढत बसली तर मी कुठल्या तोंडानं हळद लावून घेऊ? थांबू दे. त्यांना यायचं असेल तर येतील."

विठानं बाहेर येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. हिंदुराव मान खाली घालून बसले होते. रामभाऊंना ताण सोसवेना. ते भाच्याला म्हणाले, "सुदाम, तू कंडक्टर. बोल बाबा, डबल बेल द्यायची का सिंगल?"

सकाळपासून एक शब्द न बोललेल्या सुदामनं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. "सिंगल," तो म्हणाला. "गाडी थांबू दे. पॅसेंजर चढायचा आहे."

पहिले हसले ते गल्लीतलेच एक जाणते. मग हसू सतरंजीभर पसरलं. हिंदुरावांनी हात पुढं केला, ताटातली सुपारी उचलली आणि खिशात घातली. "मंडळी, आणखी चहा घ्या," ते म्हणाले. "आज सुपारी नाही. माझ्या पुतणीची परीक्षा आहे. तिला संधिवात आहे, या पाव्हण्यांची येसू तिचा पेपर लिहिणार आहे." एवढं बोलून त्यांनी उमाला बाहेर हाक मारली आणि आपल्या शेजारी बसवलं. विठाच्या संसारातलं हे त्यांचं सगळ्यात लांब भाषण.

पुढचे पंधरा दिवस मात्र अजब होते. काशीबाई शब्दाच्या पक्क्या. नातं नाही म्हणजे नाही. येसू सरावाला रोज बेलवलीला यायची ती पाण्याची बाटली आणि डबा घेऊन. विठ्ठलवाडीहून निघताना आई बजावायची की पेपर होईस्तोवर त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, सोयरीक लागंल. एप्रिलचं ऊन, माठात वाळा घातलेलं पाणी, आणि ही पोर बाटलीतलं कोमट पाणी पिऊन इतिहास लिहितेय. कौसाबाईंना ते बघवेना. त्यांनी एकदा कैरीचं पन्हं पुढं सरकवलं. येसूनं पेला मुकाट्यानं मागं सरकवला. म्हातारी तिच्यावर चिडली आणि मग विठाला हळूच म्हणाली, ज्या घरची माणसं परकंपण एवढं पाळतात ती आपलेपण किती पाळतील.

गल्लीत कुजबुज झालीच. पाण्याच्या नळावर कुणी विचारायचं, का हो, स्थळ मोडलं का? विठा सांगायची, नाही, परीक्षेमुळं थांबलंय. बायकांना ते पटायचं नाही. नवऱ्या मुलीची परीक्षा? नाही, पुतणीची. मग त्या आणखीच गप्प व्हायच्या. विठाला त्याचं वाईट वाटायचं ते दोनतीन दिवसच. नंतर तिला हे सांगायला आवडायला लागलं.

पेपरांना विठाच उमाबरोबर जायची. काशीबाईही येसूबरोबर यायच्या. कॉलेजच्या आवारात झाडाखाली एकच बाक. दोघी त्याच्या दोन टोकांना बसायच्या, एकमेकींशी न बोलता, अनोळखी असल्यासारख्या. विठा विड्याचं पान लावायची आणि चुकून हात पलीकडं जायचा, तो मागं घ्यायची. काशीबाई समोर बघत राहायच्या. पहिल्याच पेपरला वासवानी मॅडम मुलींना वेगळ्या खोलीत बसवून, देखरेखीला दुसऱ्या बाईंना ठेवून बाहेर आल्या आणि त्यांना हा प्रकार दिसला. त्यांनी विचारलं, आणि विठानं सगळं सांगितलं.

मॅडम कमरेवर हात ठेवून हसल्या. "अरे बाबा, सगाई झाली असती तरी चाललं असतं. मी विचारत होते सगी बहन, चाचा की लडकी. चुलत बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याची बहीण! हे तर युनिव्हर्सिटीला पण समजणार नाही."

विठाच्या डोळ्यांपुढून तो रविवार झर्रकन गेला. ती बैठक, उचललेली सुपारी, नळावरचे टोमणे. सगळं उगाच. ती काशीबाईंकडं वळली.

काशीबाई जागच्या हलल्या नाहीत. "बाई, युनिव्हर्सिटीला नसंल समजत," त्या म्हणाल्या. "आम्हाला समजतं. पोरीनं नातं नाही म्हणून सही केलीय." आणि परत समोर बघायला लागल्या.

मॅडमचं हसू थांबलं. त्या वर गेल्या. दुसऱ्या पेपरपासून त्यांनी बाकावर दोघींच्या मधोमध एक वर्तमानपत्र पसरून ठेवायला सुरुवात केली, हद्द म्हणून.

शेवटचा पेपर दुपारचा होता. मोठी घंटा झाली, मुलांचे लोंढे जिने उतरले, गेटबाहेरच्या कुल्फीवाल्याभोवती गर्दी झाली आणि हां हां म्हणता आवार ओस पडलं. वरच्या मजल्यावर ती एकच खोली उघडी होती. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला, वर बघितलं आणि खालच्या पायरीवर बसला. त्यानं तंबाखू मळायला घेतली. दिवसभराचा दमलेला माणूस, घरी जायची वेळ झालेली, पण त्यानं हूं की चूं केलं नाही.

विठा बघत राहिली. तिची हयात दुसऱ्यांसाठी थांबण्यात गेली होती. पाहुण्यांसाठी, पाळीवरून येणाऱ्या माणसासाठी, नळाच्या पाण्यासाठी. तिच्या घरच्या पोरीसाठी कुणी थांबलंय असं तिनं आजवर बघितलं नव्हतं. आणि आज कुठल्या लांबच्या मोठ्या युनिव्हर्सिटीनं अर्धा तास काढून ठेवला होता, हा माणूस किल्ल्या हातात धरून बसला होता, पलीकडच्या टोकाची ही बाई पोराचं लग्न थांबवून बसली होती. कुणाकुणाचे आभार मानायचे आणि कसे, हे विठाला कळेना. तिनं नुसते हात जोडले, कुणाकडं न बघता.

जिन्यावर पावलं वाजली. येसू पुढं, बोटांना शाई, हात झटकत. मागून उमा. तिचा चेहरा विठाला वाचता येईना.

"राहिला का काही?" विठानं विचारलं.

"नाही," उमा म्हणाली. "सगळा झाला. वेळ उरला."

"उरला? मग काय केलंत?"

पलीकडं काशीबाईंनी मधलं वर्तमानपत्र उचलून त्याची घडी घातली. उमानं येसूकडं बघितलं, मग परत विठाकडं.

"काही नाही, मोठी आई. बसून राहिलो. पंखा बघत."